आधी शेजार बघायचा

सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या गाठीचा काप लावलेली काच ठेवली की कुणीही आधी गाठच बघतो. ती असतेही तशी, मधोमध ऐसपैस पसरलेली, गडद जांभळी, नजर ओढून घेणारी. अक्का मात्र तिच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या काच कडेला सरकवायच्या आणि तिथून गाठीला एक सबंध प्रदक्षिणा घालायच्या. देवळात बायका घालतात तितक्याच सावकाश, मधेच थांबत, एखाद्या कोपऱ्यात जरा जास्त रेंगाळत. ती पुरी झाल्याशिवाय आत शिरायचं नाही. मी नवीन होते तेव्हा एकदा न राहवून म्हणाले, "अक्का, गाठ मध्ये आहे." भिंगावरचा डोळा न उचलता त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे गं पुट्टी. घरमालक घरातच असतो. मी शेजारी कोण कोण आहेत ते बघते आहे."

पुट्टी म्हणजे कानडीत लहान पोर. माझ्या आईच्या मते मी तेव्हा लग्नाची झाले होते आणि उशीरही होत चालला होता, पण अक्कांच्या लेखी पीएच. डी. न झालेलं प्रत्येक माणूस पुट्टी किंवा पुट्टा. मी पुण्याहून बेंगळुरूला आलेली, कोरमंगलात पीजीमध्ये एका खोलीत तिघींबरोबर राहणारी, आणि बेळ्ळंदूरच्या पलीकडे असलेल्या त्यांच्या प्रयोगशाळेत रोज आदळत आपटत पोचणारी. प्रयोगशाळेचा विषय एकच होता. गाठ एकटी वाढत नाही, आजूबाजूच्यांना हाताशी धरून वाढते. ते कसं, हे शोधायचं.

अक्कांचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं, असं त्या स्वतःच सांगायच्या. घर राजाजीनगरला. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत इतक्या वर्षांची कानडी मुरलेली. "अय्यो, सुम्ने बसू नको, तो डबा स्वल्प इकडे दे," हे वाक्य त्यांच्या मते शुद्ध मराठी होतं, आणि माझं बोलणं म्हणजे पेपरातली मराठी. सुम्ने म्हणजे उगीच. हा शब्द मला पहिल्याच आठवड्यात कळला, कारण तो मलाच उद्देशून सर्वांत जास्त वेळा वापरला गेला.

राजाजीनगरहून त्या स्कूटरवर यायच्या. नीट चापून नेसलेली सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हेल्मेटच्या आत बाराही महिने माकडटोपी. बेंगळुरूची थंडी कानांतून शिरते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. शरीरशास्त्राची एवढी मोठी पदवी घेतलेल्या बाईला कानांतून थंडी कशी शिरते हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आल्या आल्या पहिला अर्धा तास त्या रिंग रोडवरच्या वाहतुकीला कानडी, मराठी आणि इंग्रजीत मनापासून शिव्या द्यायच्या. आम्ही तो अर्धा तास मुकाट ऐकायचो, कारण त्यातूनच त्यांचं विज्ञान बाहेर पडायचं.

"बघ," त्या मला म्हणाल्या होत्या, "तळ्याकाठी एक जण बेकायदा चार भिंती उभ्या करतो. तेवढ्यानं काय होतं? काही नाही. पाणी नाही, रस्ता नाही, आपोआप सुकून जाईल. मग तो काय करतो? हाका मारतो. टँकर येतो. टँकरसाठी रस्ता होतो. रस्ता झाला की आणखी घरं होतात. आता चौकशीला एक पोलीस येतो. त्याला खुर्ची देतात, कॉफी देतात. चार दिवसांनी बघशील तर तोच गेटवर उभा, आणि तोच सगळ्यांना हाकलतोय. हे बेळ्ळंदूर झालं. आता काच बघ. तेच आहे."

खरोखर तेच असायचं. टँकरचे रस्ते म्हणजे गाठीनं हाका मारून स्वतःकडे वळवून घेतलेल्या नव्या रक्तवाहिन्या. फितलेला पोलीस म्हणजे मॅक्रोफेज, शरीरातला कचरा खाणारी पेशी. ती गाठ खायला म्हणून येते आणि गाठीचंच काम करू लागते, नव्या रक्तवाहिन्यांना निरोपसुद्धा तीच धाडते. आणि रोगट पेशी मारण्याची ज्यांच्याकडून खरी अपेक्षा, त्या टी-पेशी बऱ्याचदा कडेलाच अडकून पडलेल्या. कारण घाईघाईत झालेले रस्ते वेडेवाकडे आणि गळके असतात. त्यांतून औषध धड पोचत नाही आणि टी-पेशीही पोचत नाहीत.

"म्हणून सगळे रस्ते तोडून टाका म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही," अक्का म्हणायच्या. "पाणी तोडलं तर माणसं गप्प बसतात का? दुसरीकडे जाऊन बोअर मारतात. रस्ते छाटा, सरळ करा, आणि मग टी-पेशींना आत पाठवा. सरी?"

सरी म्हणजे ठीक. हा प्रश्न नसे, विषय संपल्याची घोषणा असे.

कर्करोगाच्या बाबतीत युद्धाची भाषा त्यांना मुळीच खपत नसे. शोधनिबंधात कुणी लढा, शत्रू, सैनिक असलं काही लिहिलं की त्यानं सगळ्यांसाठी कोडुबळे आणायचे. ही कानडी मुलखातली कडबोळी. आमच्यातली देबजानी कोलकात्याची, भाषा ओघवती, उपमांचा सोस. तिच्या पहिल्या मसुद्यावर आम्ही आठवडाभर कोडुबळे खाल्ले.

त्याच देबजानीनं एकदा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. आयुधपूजेला बेंगळुरूत प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं, रिक्षाला लागतं तसं आमच्या सूक्ष्मदर्शकालाही. ती पूजा अक्का स्वतः करायच्या, झेंडूच्या माळेसकट. सुट्टीनंतर देबजानी काच वाचायला बसली आणि ओरडलीच. औषध देऊनही गाठीत तांबड्या रक्तवाहिन्याच रक्तवाहिन्या! सकाळभर ती मोजत होती, चेहरा पडत चालला होता. आमचं सगळं वर्षाचं काम पाण्यात. शेवटी अक्का उठल्या, एक डोळा लावला, काच जराशी हलवली. गाठ हलली, रक्तवाहिन्या जागच्या जागी.

"ही कसली गं रक्तवाहिनी," अक्का म्हणाल्या, "घर निघून गेलं तरी रस्ता हलत नाही?"

भिंगावर कुंकू सांडलं होतं. अक्का पदरानं पुसणार तोच आमचा तंत्रज्ञ हरीश कपाळाला हात लावत धावत आला, कारण भिंगाला पदर लावणं हा त्याच्या दृष्टीनं खून होता. त्यानंतर पूजा यंत्राच्या बुडाशी होऊ लागली.

पण सगळ्यांत कडक नियम होता तो बुधवारच्या वाचनाचा. दर बुधवारी दुपारी आम्ही सगळे त्याच काचा वेगवेगळे वाचायचो. हरीश काचांवर फक्त क्रमांक घालायचा. कुणाची गाठ, बाई की पुरुष, वय काय, औषध मिळालं की नाही, काहीही कळायचं नाही. रक्तवाहिन्या कशा आहेत, मॅक्रोफेज कुणाच्या बाजूचे आहेत, टी-पेशी आत आहेत की बाहेर, हे ज्यानं त्यानं आपल्या संगणकावर भरायचं. सगळ्यांचं होईपर्यंत बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. "नाव कळलं की डोळा बिघडतो," अक्का म्हणायच्या. सुरुवात करण्यापूर्वी मात्र त्या काचांच्या पेटीला बोट लावून ते कपाळाला लावायच्या. कुणाच्या तरी अंगाचा तुकडा आहे, एवढंच कारण सांगायच्या.

त्या वर्षी अक्का महिनाभर रजेवर होत्या. मुतखडा काढला म्हणाल्या. परत आल्या त्या बारीक होऊन, स्कूटरऐवजी रिक्षानं. आम्हाला शंका यायला हवी होती, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. पुढे काही महिन्यांनी एका बुधवारी वाचन सुरू व्हायच्या वेळी त्यांनी पर्समधून एक काच काढून हरीशच्या हातात दिली.

"आज आधी ही. ही माझी आहे."

"तुम्ही रंगवलीत?" मी विचारलं.

"माझी म्हणजे माझी," अक्का म्हणाल्या आणि साडीवरून कुशीला हात लावला. "इथली. खडा नव्हता. मूत्रपिंड काढलं. आता फुफ्फुसात ठिपके दिसताहेत. डॉक्टर दोन औषधं मिळून द्यायची म्हणतात, एक टी-पेशींना जागं करणारं, एक रक्तवाहिन्या छाटणारं. मी हो म्हणण्याआधी मला माझा शेजार कळायला हवा. वाचा."

आम्ही वाचायला बसलो. मीही कडेनं फिरून मग आत गेले. आणि मला टी-पेशी दिसल्या. पुष्कळ नव्हत्या, पण आत होत्या, गाठीच्या पोटात, अगदी ओळखू येतील अशा. मी तसं भरलं. देबजानीनं भरलं, दुसऱ्या दोघांनी भरलं. रक्तवाहिन्याही तशा बऱ्या वाटल्या. सगळ्यांचे आकडे पडद्यावर आले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच.

अक्कांनी हरीशला सांगितलं, "मागच्या बुधवारच्या शेवटच्या काचेचं चित्र लाव शेजारी. तिचं वाचनही."

त्यानं लावलं. मागच्या बुधवारी आम्ही सगळ्यांनी त्या काचेबद्दल एकमतानं लिहिलं होतं की टी-पेशी सगळ्या बाहेर, आत जवळपास कुणी नाही, रक्तवाहिन्या बेसुमार आणि वाकड्या, मॅक्रोफेज पुरते गाठीचे झालेले. हरीशनं एकदा या काचेकडे पाहिलं, एकदा त्या चित्राकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. काच एकच होती. अक्कांनी तिला मागच्या बुधवारी गुपचूप पेटीत सरकवलं होतं, पडद्यावर तिचंच जुनं चित्र होतं, आणि आज फक्त चिठ्ठी बदलली होती.

आमच्यापैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. मला त्या पेशी दिसल्या होत्या. आजही डोळे मिटले तर दिसतात.

देबजानी रडायला लागली. अक्का मात्र दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा कळलंच नाही. मला वाटलं आता तिन्ही भाषांत शिव्या बसणार.

"हा फरक बघा केवढा आहे," त्या म्हणाल्या. "काच तीच. मग हा सगळा फरक कशाचा? अय्यो, एवढं मला सासरी कुणी केलं नाही गं." आणि नाक पुसून लगेच म्हणाल्या, "सरी. डॉक्टरांना मागच्या बुधवारचं वाचन द्यायचं."

वाचन वाईट होतं, पण दोन औषधांची जोडी का हवी हे त्यातूनच स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांचा निर्णय झालेलाच होता, आता अक्कांचाही झाला. उपचार सुरू झाले. अक्का दमायच्या, तोंड यायचं, हातापायांची सालं निघायची, तरी यायच्या आणि आमच्याशी भांडायच्या. मी त्या दिवसांत रोज त्यांना डब्यात गुरगुट्या भात नेत असे. तो त्यांना आवडायचा नाही. "हा पुण्याचा भात आहे की पेज?" म्हणायच्या आणि संपवायच्या.

काही महिन्यांनी स्कॅन झालं आणि आमची पाचावर धारण बसली. बाकीचे ठिपके होते तेवढेच होते, पण एक चांगला मोठा झाला होता. डॉक्टर म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक म्हणजे रोग वाढतोय, मग ही औषधं थांबवून दुसरा मार्ग बघायचा, आणि तो मार्ग फारसा आशेचा नाही. दुसरी म्हणजे टी-पेशी आत शिरल्यात आणि त्यांच्या गर्दीनं ठिपका सुजलाय, मग हीच औषधं चालू ठेवायची. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. सुई घालून तुकडा काढला. रुग्णालयाचा अहवाल आला, पण तुकडा एवढासा होता आणि अहवाल दोन्ही डगरींवर पाय ठेवून होता. डॉक्टरांनी अक्कांना सांगितलं, तुमच्याकडे पेशी ओळखून रंगवायची सोय आहे, तुम्हीही वाचून घ्या, तोवर औषध थांबवू.

हरीशनं काच रंगवली. मी हात पुढे केला.

"तुम्ही कुणी नाही," अक्का म्हणाल्या. "तुमचे डोळे गेले कामातून. जयनगरला पाठव."

जयनगरला त्यांचे हाडवैरी राहत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. तेही कर्करोगावरच काम करायचे, पण त्यांचं सगळं लक्ष गाठीच्या पेशीत. सगळा दोष पेशीच्या आतच आहे, शेजार वगैरे थोतांड आहे, असं त्यांचं मत. एका परिषदेत अक्कांचं व्याख्यान संपल्यावर ते उभे राहून म्हणाले होते, "मॅडम, हे विज्ञान होतं की नगरपालिकेची बैठक?" त्यावर अक्का म्हणाल्या होत्या, "तुम्ही पेशी प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवता, तुम्हाला शेजारी कुठून माहीत असणार?" तेव्हापासून जेवणाच्या रांगेतही ते एकमेकांकडे पाठ करून उभे राहत.

"क्रमांक घालू?" हरीशनं विचारलं.

"नाव घाल. मोठ्या अक्षरांत. वाईट शोधायचं असेल तर त्याच्यासारखा माणूस नाही. त्यातूनही त्याला काही चांगलं दिसलं, तर ते खरं."

मी रिक्षानं जयनगरला गेले. सरांनी दार उघडलं, मी कोण ते सांगितलं तशी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांनी काचेवरचं नाव वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला बसा म्हणालेही नाहीत, थेट आतल्या खोलीत त्यांच्या सूक्ष्मदर्शकापाशी गेले. मी दारात उभी. त्यांनी काच ठेवली, आणि माझा विश्वास बसेना, ती कडेला सरकवली. आधी कडेनं एक पुरी फेरी मारली आणि मगच आत गेले.

बराच वेळ गेला. "गाठीच्या पेशी फार थोड्या उरल्यात," सर इंग्रजीत म्हणाले. "फुगलंय ते टी-पेशींनी. खचाखच आत आहेत. रक्तवाहिन्या सुधारल्यात. तिला सांगा." मी जिना उतरत असताना वरून ओरडले, "आणि हेही सांगा की तिचा सिद्धांत मला अजून मान्य नाही."

मी रिक्षात रडत, हसत परत आले. रिक्षावाल्या अण्णानं मागे वळून विचारलं, "येनाय्तु अक्का?" काय झालं म्हणून. मी त्याला कानडीत काय सांगणार, नुसती मान हलवत राहिले.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं त्या पेटीला बोट लावून कपाळाला लावतील. त्यांनी विचारलं, "नाव दिसलं त्याला?"

"दिसलं. चष्मा पुसून वाचलं."

"चष्मा पुसला?" त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मग गेलं. तोही बिघडला."

आम्ही परोपरीनं समजावलं. काही उपयोग नाही. चष्मा पुसणाऱ्या माणसाच्या वाचनावर त्या औषध चालू करायला तयार नव्हत्या. शेवटी देबजानीनं कोलकात्याला अशाच काचा वाचणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं, ज्यांनी अक्कांना कधी पाहिलं नव्हतं, ज्यांना हे प्रकरण ठाऊक नव्हतं. काच सरांकडून परत आणली, नाव खरवडून काढलं, क्रमांक घातला आणि पाठवली. उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. औषध थांबलेलं. ठिपका आत काय करतोय कुणाला ठाऊक. अक्का रोज यायच्या, काचा वाचायच्या, आणि वाहतुकीबद्दल एक शब्द बोलायच्या नाहीत. त्याची आम्हाला सगळ्यांत जास्त भीती वाटायची.

मेल आली तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे होतो. गाठीच्या पेशी तुरळक. टी-पेशी आत, दाट. रक्तवाहिन्या कमी आणि सरळ. हरीशनं सरांचे आकडे शेजारी लावले. दोन्ही वाचनं जवळपास एकसारखी होती, एक नाव वाचून केलेलं आणि एक नावाशिवाय.

अक्कांनी ते दोनदा वाचलं. देबजानीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

"म्हणजे," अक्का हळूच म्हणाल्या, "माझं नाव वाचूनही त्याच्या वाचनात काडीचा फरक पडला नाही?"

"नाही, अक्का," मी म्हणाले. "सरांनी खरं तेच सांगितलं. आत आहेत त्या. खरंच आत आहेत."

"नालायक माणूस," अक्का म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडू लागल्या. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही. हरीशनं डोळे पुसत फोन उचलला, डॉक्टरांना सांगायला, की औषध उद्यापासूनच चालू करा.

अक्कांनी डोकं वर न करताच हात पुढे केला.

"डॉक्टर थांबतील," त्या म्हणाल्या. "आधी जयनगरला लाव."